नांगर कशाच्या बळावर धरतो

बंदरात आलेली शिडाची नौका थांबवण्याचे मार्ग मोजकेच असतात, आणि प्रत्येक मार्गात ती निराळ्या गोष्टीवर भरवसा टाकते. कधी स्वतःच्या नांगरावर, कधी दुसऱ्याने तळाशी सोडून ठेवलेल्या वजनावर, कधी धक्क्यावरच्या खुंट्यावर, कधी किनाऱ्यावरच्या खडकावर. भरवसा टाकणे ही धर्माचीही मूळ क्रिया आहे. भूमध्य समुद्राच्या काठी वाढलेल्या ख्रिस्ती धर्माने आशेची खूण म्हणून नांगर उचलला, तो याच नात्याने. पुढे ही उपमा इतकी रुळली की तिचा अर्थ कोणी तपासून पाहीनासे झाले. श्रद्धा म्हणजे माणसाला हलू न देणारी, एका जागी जखडून ठेवणारी वस्तू, असा तिचा ढोबळ अर्थ लावला जातो. रोज नांगर टाकणाऱ्या खलाशाला तो पटणार नाही. नांगर प्रत्यक्षात कसा धरतो हे नीट पाहिले, तर श्रद्धा माणसाला कशी धरते या प्रश्नाचे उत्तरही बरेच बदलते.

या तपासणीला ग्रीसमधले पॅटमॉस बेट सोयीचे आहे, कारण तिथे बंदर आणि धर्मग्रंथ एकाच डोंगराच्या उताराने जोडलेले आहेत. एजियन समुद्राच्या पूर्व भागात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याकडे, हे सुमारे ३४ चौरस किलोमीटरचे खडकाळ बेट आहे. मराठी बायबलात त्याचे नाव पात्म असे येते. नव्या कराराचे शेवटचे पुस्तक, ‘प्रकटीकरण’, लिहिणारा योहान आपण या बेटावर असताना दर्शन झाले असे पहिल्याच अध्यायात सांगतो. रोमन सम्राट डोमिशियनच्या काळात, इ.स. ९५च्या सुमारास, त्याला इथे हद्दपार केले होते अशी परंपरा आहे. हा योहान आणि येशूचा शिष्य योहान एकच की निरनिराळे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बेटावरची श्रद्धा त्यांना एकच मानते. १०८८ साली बायझंटाइन सम्राट पहिला अलेक्सिओस याने हे बेट ख्रिस्तोदुलोस नावाच्या संन्याशाला दिले आणि डोंगरमाथ्यावर तटबंदीचा मठ उभा राहिला. मठ, त्याच्याभोवतीचे खोरा हे गाव आणि उतारावरची दर्शनाची गुहा यांना १९९९ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. खाली, बेट जिथे चिंचोळे होते तिथे पूर्वेच्या अंगाला, स्काला हे बंदर आहे. इथे नौका बांधणाऱ्याला मान वर केली की त्या मठाची करडी भिंत दिसते.

स्कालात बाहेरून आलेली नौका बहुधा धक्क्याकडे पाठ करून बांधतात. फेरीबोटींची जागा सोडून मोकळी जागा हेरायची, धक्क्यापासून नौकेच्या तीन-चार लांब्या अलीकडे नाळेवरून नांगर सोडायचा, साखळी सोडत सोडत मागे यायचे, आणि धक्का हाताशी आला की मागच्या दोन्ही कोपऱ्यांचे दोर खुंट्यांना द्यायचे. मग पुढची साखळी थोडी आवळून घ्यायची, म्हणजे नौका मागे सरकून दगडावर आपटत नाही. शेवटी फळी टाकली की माणसे पायउतार होतात. भूमध्य समुद्रात सगळीकडे ही रीत चालते, कारण तिथे भरती-ओहोटीचा फरक फार थोडा असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. तिथे अशी बांधलेली नौका ओहोटीला धक्क्यावरून लोंबकळली असती. या रीतीत नौका दोन आधारांच्या मध्ये ताणलेली असते. मागचा आधार डोळ्यांना दिसतो, हाताने चाचपता येतो. पुढचा आधार पाण्याखाली असतो आणि तो आहे हे केवळ साखळीच्या ताणावरून कळते. वारा समोरून वाढला की सगळा भार त्या न दिसणाऱ्या टोकावर येतो. नुसत्या दिसणाऱ्या आधारावर विसंबलेली नौका पहिल्याच जोरदार झोतात धक्क्यावर घासली जाते.

धक्क्यावर जागा नसली, किंवा फेरीबोटींच्या लाटांचा त्रास नको असला, तर नौका जवळच्या एखाद्या उपसागरात जाते. स्कालाच्या उत्तरेला मेलोई आणि कांबोस, दक्षिणेला त्रागोनिसी या छोट्या बेटाच्या आडोशाचा ग्रीकोस, अशा जागा आहेत. तिथे नौका एकाच नांगरावर मोकळी उभी राहते आणि वारा फिरेल तशी नांगराभोवती फिरते. पाणी खोल आणि जागा अरुंद असेल तिथे पुढे नांगर टाकून मागचे दोर पोहत जाऊन खडकाला किंवा झाडाला बांधतात. काही बंदरांत तळाशी काँक्रीटचे ठोकळे कायमचे सोडलेले असतात. त्यांना जोडलेला दोर धक्क्यावरून उचलून नाळेला बांधायचा किंवा वर तरंगणाऱ्या बोयाला नौका अडकवायची, एवढेच काम उरते. या मार्गांपैकी कोणताही मार्ग सदासर्वकाळ बरा नसतो. कोणता घ्यायचा हे वारा, खोली, तळ आणि शेजारी पाहून ठरते.

एजियन समुद्रातला उन्हाळी वारा मेल्तेमी. तो उत्तरेकडून किंवा वायव्येकडून येतो, जुलै-ऑगस्टमध्ये भरात असतो आणि निरभ्र आकाशातून, ढगाची काहीही सूचना न देता, दिवसचे दिवस वाहतो. उंच बेटांच्या आडोशाच्या बाजूला तर डोंगर उतरून येणारे झोत उघड्या समुद्रापेक्षाही जोराचे असतात. या वाऱ्यात बारा मीटरची, आठ-दहा टनांची नौका जो नांगर रोखून धरतो, त्याचे स्वतःचे वजन वीस किलोच्या आसपास असते. म्हणजे नांगर वजनाने धरत नाही. त्याचा फाळ वाळूत किंवा चिखलात रुततो, आणि ओढ जमिनीलगत आडवी असेल तोवर ती जितकी वाढेल तितका तो आणखी खोल जातो. १९३३ साली इंग्रज गणितज्ञ जेफ्री इन्ग्रम टेलर यांनी शेतातल्या नांगराच्या फाळाचा आकार घेऊन बनवलेला नांगर पुढे जगभर चालला, तो याच तत्त्वावर. ओढ वरच्या दिशेने लागली की मात्र तोच फाळ सहज उखडतो. नांगर उचलताना नौका त्याच्या थेट माथ्यावर आणून साखळी सरळ वर ओढतात, ती एवढ्यासाठीच.

ओढ आडवी राहायची तर साखळी लांब सोडावी लागते. पाच मीटर पाण्यात पंचवीस मीटर साखळी हा साधा हिशेब. वारा चढला की पस्तीस-चाळीस मीटर. साखळीऐवजी दोर असेल तर त्याहून जास्त, कारण दोर हलका असतो, तळावर पडून राहत नाही. नवशिका माणूस वारा वाढला की घाबरून साखळी आवळतो. त्याला वाटते, जितके आखूड तितके घट्ट. प्रत्यक्षात आखूड साखळी प्रत्येक लाटेसरशी नांगराला वर उचकते, आणि नौका नांगरासकट घसरू लागते. जाणता माणूस वाऱ्यात साखळी आणखी सोडतो. नौका मग जास्त हिंदकळते, मोठ्या वर्तुळात फिरते, तोंड इकडून तिकडे करते, पण जागा सोडत नाही. या सगळ्या विषयातली ही एक गोष्ट मनाशी पक्की धरून ठेवण्यासारखी आहे: वादळात टिकवून ठेवते ती ढील.

नांगराला धर्मात जागा मिळाली ती ‘इब्री लोकांस पत्र’ या नव्या करारातल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात. हे पत्र पहिल्या शतकातले. लिहिणारा कोण हे निश्चित नाही. छळामुळे आणि दीर्घ प्रतीक्षेमुळे ज्यांचा धीर सुटू लागला होता, अशा माणसांसाठी ते आहे. देवाचे वचन आणि देवाची शपथ या दोन अढळ गोष्टींवर आपली आशा उभी आहे, ही आशा जिवाला नांगरासारखी आहे, आणि हा नांगर पडद्याच्या आत पोचतो, असे लेखक सांगतो. पडदा म्हणजे मंदिरातल्या परमपवित्र स्थानापुढचा. त्याच्या आत केवळ प्रमुख याजक, तोही वर्षातून एकदाच, जात असे. समुद्रातला नांगर मंदिराच्या पडद्याआड टाकायचा, ही कल्पना पहिल्या वाचनात बेंगरूळ वाटते. पण तिच्यात अचूकपणा आहे. खरा नांगर जिथे पडतो तिथे खलाशी स्वतः जात नाही, आणि ती जागा त्याला बहुधा दिसतही नाही. त्याच्या हातात असते ते साखळीचे अलीकडचे टोक. श्रद्धावंताची स्थिती अशीच असल्याचे पत्र मान्य करते. पलीकडचे काही दिसत असल्याचा दावा ते करत नाही. ओढ जाणवते एवढेच सांगते.

या ओळींवर सर्वांत मार्मिक भाष्य केले आहे ते जॉन क्रिसोस्टम यांनी. चौथ्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष झालेले क्रिसोस्टम या पत्रावरच्या आपल्या प्रवचनांत एक साधा प्रश्न विचारतात: लेखकाने पायाची उपमा का दिली नाही? खडकावर बांधलेल्या घराची उपमा तर येशूच्या तोंडीच आहे. त्यांचे उत्तर असे की घर आणि पाया ही उपमा ज्यांचे मन मुळातच भक्कम आहे त्यांच्यासाठी. नांगराची उपमा डळमळणाऱ्यांसाठी. लाटांवरची नौका जमिनीवरच्या घरासारखी निश्चल कधीच नसते. ती हलते, आणि तरी हलत नाही. क्रिसोस्टमनी केलेला हा भेद पुढच्या काळात पुष्कळसा विसरला गेला. श्रद्धेला पाया मानणाऱ्याला शंकेची प्रत्येक भेग धोक्याची वाटते, कारण पाया हलला की घर गेले. श्रद्धेला नांगर मानणाऱ्याला हलण्याचे भय नसते; वाहून जाण्याचे असते. शंका येणे, मन उदास होणे, प्रार्थनेत रस न वाटणे हे सगळे त्या फिरत्या वर्तुळाच्या आतले आहे. वर्तुळाचा मध्य जागेवर आहे ना, एवढेच पाहायचे. हा दुसरा विचार जास्त खरा आहे आणि जास्त दयाळूही आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत रोमच्या भुयारी दफनभूमींत थडग्यांच्या शिळांवर नांगर कोरले जाऊ लागले. कधी एकटा, कधी माशाबरोबर. नांगराच्या आडव्या दांडीत लपवलेला क्रूस पाहणारे पुष्कळ आहेत. तसे काही ठिकाणी असेलही, पण मेलेल्या माणसाची आशा व्यक्त करायला त्या पत्रातला अर्थ पुरेसा होता. इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमंट ख्रिस्ती माणसाने अंगठीच्या मुद्रेवर काय कोरावे हे सांगतो: कबुतर, मासा, वाऱ्यावर चाललेली नौका, वीणेसारखे वाद्य किंवा नांगर. नांगराजवळ तो सेल्युकस राजाची आठवण काढतो, कारण सेल्युकसच्या घराण्याचे ते चिन्ह होते आणि त्यांच्या नाण्यांवर ते सापडते. चंद्रगुप्त मौर्याशी तह करणारा सेल्युकस तो हाच. म्हणजे ज्या चिन्हाने आधी राज्याची सत्ता मिरवली, तेच पुढे सत्तेने छळलेल्या माणसांच्या थडग्यांवर गेले. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला, क्रूस उघडपणे झळकू लागला आणि थडग्यांवरचा नांगर मागे पडला. बळ आल्यावर नांगराची उपमा मागे पडावी, हे क्रिसोस्टमच्या भेदाशी जुळणारे आहे.

ग्रीसच्या भूमीवर नांगराचा दुसराही एक अर्थ होता. गुलामगिरीतून सुटलेला आणि निकोपोलिस इथे शिकवणारा स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस आपल्या छोट्या ‘हँडबुक’मध्ये नांगरून थांबलेल्या नौकेचा दाखला देतो. पाणी भरायला किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाने वाटेत एखादा शिंपला, एखादा कंद उचलावा, पण लक्ष नौकेकडे ठेवावे. कप्तानाची हाक आली की सगळे टाकून निघावे. म्हातारपणी तर नौकेपासून फार दूर जाऊच नये. इथे नांगर म्हणजे आधार नाही, तात्पुरता थांबा आहे. संसार हा तो किनारा, आणि निघणे हे ठरलेलेच. भारतीय परंपरा याच अंगाने आणखी पुढे जाते. आपल्याकडे समुद्र हा ओलांडायचा असतो. भवसागर, पैलतीर, तारू, नावाडी हे वारकरी अभंगांतले नेहमीचे शब्द. नांगर त्यांत सहसा सापडत नाही. बुद्धांनी ‘मज्झिम निकाया’तल्या अलगद्दूपम सुत्तात तर तराफ्याचा दृष्टान्त देऊन धर्मही पैलतीरी पोचल्यावर डोक्यावर वाहायचा नसतो असे सांगितले. या दृष्टीने पाहिले तर नांगराच्या उपमेवर खरा आक्षेप उभा राहतो. जो थांबला तो पोचणार कसा? ज्याला पलीकडे जायचे आहे, त्याने तळाशी स्वतःला बांधून का घ्यावे?

या आक्षेपाचे उत्तर बायबलातच, पण उपदेशात नव्हे, एका वादळाच्या हकिकतीत मिळते. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेले जात आहे. क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर एका बंदरात जहाज थांबते. बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही म्हणून, पौलाने धोक्याची सूचना दिली असतानाही, ते पुढच्या बंदराकडे निघते आणि ईशान्येच्या वादळात सापडते. चौदाव्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, खलाशांना जमीन जवळ आल्याचा अंदाज येतो. बुडीद टाकून पाहतात तो वीस वाव पाणी; थोडे पुढे गेल्यावर पंधरा. खडकावर आपटण्याच्या भीतीने ते जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची वाट पाहतात. काही खलाशी पुढूनही नांगर टाकायचे निमित्त करून होडी सोडतात. त्यांना पळायचे असते. पौल शताधिपतीला सावध करतो आणि शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. पहाटेपूर्वी पौल सर्वांना काहीतरी खाऊन घ्यायला सांगतो, भाकरी मोडतो. जहाजावर २७६ माणसे असतात. उजाडल्यावर वाळूचा किनारा असलेली एक खाडी दिसते. मग ते नांगरांचे दोर कापून नांगर समुद्रातच सोडून देतात, सुकाणूची बंधने सैल करतात, पुढचे शीड उभारतात आणि जहाज किनाऱ्याकडे घालतात. जहाज फुटते, माणसे मात्र पोहत, फळ्यांवरून, सगळी जिवंत किनाऱ्याला लागतात. बेट माल्टा, मराठी बायबलातले मेलिता.

नांगर मागच्या बाजूने टाकणे ही नेहमीची रीत नव्हे. नेहमीप्रमाणे पुढून टाकला असता तर जहाज वाऱ्यावर फिरून त्याचे तोंड उघड्या समुद्राकडे झाले असते, आणि सकाळी ते वळवताना घात झाला असता. मागून टाकल्यामुळे जहाज थांबलेले असतानाही त्याचे तोंड किनाऱ्याकडेच राहिले. अंधारात जायचे नव्हते, पण जायची दिशा सोडायचीही नव्हती. ज्या नांगरांनी रात्रभर २७६ जीव वाचवले, त्यांनाच सकाळी धरून बसले असते तर त्याच जीवांचा नाश झाला असता. श्रद्धेच्या अनेक रूपांबाबत हे खरे आहे. एखादे व्रत, एखादा गुरू, देवाविषयीची एखादी कल्पना माणसाला आयुष्यातली एक रात्र पार करून देते. दिवस उजाडल्यावर तिचा दोर कापावा लागला, तर तो तिच्याशी केलेला द्रोह ठरत नाही. इथे तराफ्याचा दृष्टान्त आणि नांगराची उपमा एकमेकांच्या अगदी जवळ येतात. फरक राहतो तो एवढाच की बुद्धांचा तराफा पैलतीरी पोचल्यावर सुटतो. पौलाच्या जहाजाचे नांगर आधी सुटतात, आणि किनारा त्यानंतर गाठला जातो.

आता दुसऱ्यांनी सोडून ठेवलेल्या ठोकळ्यांचा आणि बोयांचा विचार. बहुतेक माणसांची श्रद्धा ही स्वतः टाकलेल्या नांगरासारखी नसते. ती घरात, गावात, पंथात आयती मिळते. कोणीतरी पूर्वी वजन खाली सोडलेले असते. आपण येऊन दोर अडकवतो. यात कमीपणा काही नाही. बंदराची माहिती असलेल्यांनी जागा पारखून सोडलेला ठोकळा परक्या माणसाने घाईत टाकलेल्या नांगराहून पुष्कळदा जास्त भरवशाचा असतो, आणि प्रत्येकाने आपापला नांगर टाकायचा म्हटले तर छोट्या बंदरात कोणालाच नीट उभे राहता येणार नाही. पण पाण्यातली साखळी गंजते, कड्या झिजतात, दोर कुजतो, आणि वरचा बोया मात्र रंग देऊन नवा दिसू शकतो. म्हणून शहाणा कप्तान बोयाला नौका बांधल्यावर पाण्यात उतरतो, डुबकी मारून खालची जोडणी पाहतो, आणि समाधान झाले तरच रात्री झोपतो. परंपरेशी वागण्याची हीच योग्य रीत आहे. तिला झिडकारणारा आणि तिच्यावर डोळे झाकून विसंबणारा, दोघेही खाली काय आहे ते बघत नाहीत.

इथे धर्मशास्त्रातली एक जुनी अडचण पुढे येते. देवाची परीक्षा पाहू नको, असे बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात सांगितले आहे, आणि सैतानाला उत्तर देताना येशूनेही तेच वचन वापरले आहे. मग श्रद्धा तपासून पाहणे हेच अश्रद्धेचे लक्षण ठरत नाही काय? नांगर टाकणारा काय करतो ते पाहिले की ही अडचण सुटते. साखळी सोडून झाली की तो इंजिन उलटे चालवून हळूहळू ओढ वाढवतो. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एक पुढची, एक मागची, एका रेषेत धरतो. म्हणजे एखादे घर आणि त्यामागचा कडा. रेषा जुळलेली राहिली तर नांगर बसला. घर कड्यापासून सरकू लागले तर नौका घसरते आहे. साखळीवर हात ठेवला तर घसरणारा नांगर तळावरून खरडत येताना जाणवतोही. या परीक्षेत समुद्राच्या तळाला कोणी आव्हान देत नाही. तळ आहेच. तपासायचे असते ते आपली पकड त्यात बसली की नाही हे. पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तुम्ही विश्वासात आहा की नाही याविषयी स्वतःची परीक्षा करा, असे सांगतो, ती परीक्षा या प्रकारची. देवाने अमुक करून दाखवावे अशी अट घालणे निराळे, आणि संकट येण्याआधी, शांत पाण्यात, आपला भरवसा कितपत खोल गेला आहे हे ओढून पाहणे निराळे. दुसरे न करणारा माणूस मेल्तेमीच्या पहिल्या रात्री जागा होतो तेव्हा त्याची नौका शेजाऱ्याच्या अंगावर गेलेली असते.

शेजाऱ्याचा प्रश्न नांगराच्या उपमेत सहसा येत नाही, आणि ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे. इब्री लोकांस पत्रात जीव एकटा आहे, नांगर एकटा आहे. बंदरात तसे कधीच नसते. मोकळ्या उभ्या असलेल्या प्रत्येक नौकेचे एक फिरण्याचे वर्तुळ असते. नंतर येणाऱ्याने आधीच्याच्या वर्तुळात शिरायचे नाही, शिरला तर हलायचे त्यानेच, असा सर्वत्र पाळला जाणारा रिवाज आहे. ढील जितकी जास्त तितके वर्तुळ मोठे. म्हणजे वादळात स्वतःच्या सुरक्षिततेसाठी साखळी सोडताना दुसऱ्याच्या जागेवर आक्रमण होते आहे का हे पाहावे लागते. धर्माच्या इतिहासात, स्वतःचा आधार पक्का करताना दुसऱ्याची जागा व्यापली गेल्याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आणि शेजारी केवळ माणसेच नसतात. भूमध्य समुद्राच्या उथळ तळावर पोसिडोनिया नावाच्या समुद्रगवताची कुरणे आहेत. हे शैवाल नव्हे. मुळे, पाने, फुले असलेली ती वनस्पती आहे. माशांची पिल्ले त्यात वाढतात, तळाची वाळू ते धरून ठेवते, आणि ते वर्षाला काही सेंटिमीटरच पसरते. नांगराच्या फाळाने एकदा उखडलेला पट्टा भरून यायला माणसाचे आयुष्यही पुरत नाही असे होऊ शकते. युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशाने या कुरणांना प्राधान्याचे संरक्षण दिले आहे. योगायोग असा की गवतात नांगर नीट धरतही नाही. पानांवरून घसरतो, किंवा मुळांचा गुंता उपटून घेऊन येतो. स्वच्छ पाण्यात वरून पाहिले की गवत काळपट दिसते आणि वाळूचे पट्टे फिकट. नांगर त्या फिकट पट्ट्यात टाकायचा. जो आधार दुसऱ्या जिवाला उखडून मिळतो तो आधार म्हणूनही कच्चा असतो, असे निदान या बाबतीत तरी खात्रीने म्हणता येते.

धक्क्यावर गर्दी असली की साखळ्या एकमेकींवर पडतात. तिरक्या वाऱ्यात मागे येताना एखाद्याचा नांगर शेजाऱ्याच्या साखळीपलीकडे पडतो, आणि संध्याकाळी हे कोणाला कळत नाही. सकाळी पहिली नौका निघते, आपला नांगर उचलते, आणि त्याच्या फाळावर दुसऱ्याची साखळी अडकून वर येते. अशा वेळी जोर लावून ओढले तर दुसऱ्याचा बसलेला नांगर उखडतो. आणि तो अजून झोपेत असतो. रीत अशी की स्वतःचा नांगर पाण्याच्या वर दिसू लागला की थांबायचे, दुसऱ्याच्या साखळीखालून एक दोर घालून ती नौकेला टांगून धरायची, मग स्वतःचा नांगर थोडा खाली सोडून त्या साखळीतून मोकळा करायचा, आणि शेवटी दोराचे एक टोक सोडून दुसऱ्याची साखळी अलगद तळाला जाऊ द्यायची. भिन्न श्रद्धांच्या माणसांना एकाच बंदरात राहायचे असते तेव्हा त्यांच्यातही असे गुंते पडतात. लग्नात, मुलांच्या शिक्षणात, मृताच्या अंत्यविधीत. तिथेही आपला नांगर सोडवण्याआधी समोरच्याची साखळी क्षणभर स्वतःच्या हाताने तोलून धरावी लागते, आणि तेवढा वेळ तिचा भार सोसावा लागतो.